बंबातला केवडा

आमचे घरमालक पदूदादा भोईर कुणाच्याही घरी गेले, की पाण्याचा पेला हातात घेण्याआधी त्या घरातली तांब्याची भांडी वाजवून बघतात. भांडं दिसलं की त्यांच्या उजव्या हाताचं मधलं बोट आपोआप वाकतं. दोनदा टकटक करायचं, मान तिरकी करून ऐकायचं आणि निकाल द्यायचा. "पातल हाय." नाहीतर, "जुना माल हाय, पन बुडाला डाग दिलेला हाय." ज्याचं भांडं असतं त्याला आपल्या खानदानाचाच दोष काढल्यासारखं वाटतं, पण पदूदादांचं तिकडे लक्ष नसतं.

शेजारी सत्यनारायण होता, तेव्हा त्यांनी पूजेतला कलश वाजवला. भटजी तिसरा अध्याय सांगत होते, ते थांबले. पदूदादा म्हणाले, "चालू द्या, चालू द्या. कलश बरा हाय." माझ्या सासूबाई टायफॉइडने झोपून होत्या, तेव्हा हे भेटायला आले आणि पलंगाशेजारी बसले. ताप किती आहे, डॉक्टर काय म्हणाले, काही विचारलं नाही. उशाजवळचा तांब्या वाजवला, जरा वेळ ऐकलं आणि उसासा टाकून म्हणाले, "ह्यो काय जास्त दिवस टिकत न्हाय." सासूबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत.

पदूदादांचं वय चौसष्ट. भिवंडीत निजामपुऱ्याच्या एका कारखान्यात चाळीस वर्षं ते जॉबर होते. जॉबर म्हणजे कापड विणायचा बंद पडलेला लूम चालू करणारा माणूस. वीस लूम एकदम खडखडत असताना त्यातला कुठला चुकीचा खडखडतोय, हे ते दारात चहा पिता पिता सांगायचे, अशी त्यांची ख्याती होती. अंजूरला त्यांच्या शेतात गोडाऊन उभं राहिलं आणि त्यातून हे दोन मजली घर झालं. खाली ते आणि विमलवहिनी, वर भाड्याने आम्ही. मी जवळच्या शाळेत विज्ञान शिकवते. पदूदादा मला 'बाय' म्हणतात आणि जगात जे जे बिघडतं त्याचं एकच कारण सांगतात, "सगला सेटिंगचा इशय हाय, बाय." माझी स्कूटर सुरू होत नाही, सेटिंग. सातवीचा निकाल पडला, सेटिंग. लेकीचं आणि जावयाचं भांडण झालं, तेव्हा दोघांना समोर बसवून ताणा जास्त खेचला की सूत कसं तुटतं हे त्यांनी तासभर समजावलं. त्यांच्या तावडीतून सुटायचं म्हणून तरी दोघं एक झाली.

आता हे तांब्याचं वेड कुठून आलं ते सांगते. त्यासाठी विमलवहिनींच्या नाकापासून सुरुवात करावी लागेल.

विमलवहिनींचं नाक ही एके काळी आमच्या आळीची सोय होती. मासळीवालीने पाटी खाली ठेवायच्या आत त्या सांगायच्या, "वरचे बोंबील आजचे, खालचे कालचे. मना वरचे दे." कुणाचं दूध लागलं, कुणाच्या तांदळाला कीड लागली, कुणाचा मुलगा कुठून काय ओढून आला, सगळं त्यांना ओट्यावर बसल्या बसल्या कळायचं. एकदा माझ्या स्वयंपाकघरात गॅसची नळी सुटली होती. मी शेजारच्या खोलीत पेपर तपासत बसले होते, मला पत्ता नाही. वहिनी खालून धापा टाकत वर आल्या आणि त्यांनी बटण बंद केलं. मी त्या बाईची जन्माची ऋणी आहे.

मग ती तापाची साथ आली. दोघंही आजारी पडली, दोघंही उठली, पण वहिनींचा वास गेला तो गेलाच. महिना झाला, वर्ष झालं, दोन वर्षं झाली. जेवण तोंडात मातीसारखं लागतं म्हणायच्या. मासळी घेणं त्यांनी सोडून दिलं, कारण आता कुणीही येऊन काहीही गळ्यात मारलं असतं. एकदा चुलीवरचा भात करपून कोळसा झाला आणि त्या तिथेच दोन हातांवर बसून तांदूळ निवडत होत्या. धूर डोळ्यांत गेला तेव्हा त्यांना कळलं. त्या दिवशी त्या इतक्या रडल्या की मला खाली जाऊन बसावं लागलं. मला म्हणाल्या, "बाय, मी घरान असून नसल्यावानी हाय. घर काय बोलतंय ते मना कलतच न्हाय." दिवसभर बडबडणारी ती बाई हळूहळू गप्प होत गेली. मला त्याचं फार वाईट वाटायचं.

ठाण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की रोज चार-पाच उग्र वास हुंगा, नाकाला पुन्हा सवय लावा, कधी कधी वास परत येतो. पदूदादांना हे लगेच पटलं. "लूम लय दिवस बंद ठेवला की जाम होतो. हलवत राहावा लागतं." मग रोज सकाळी त्यांचं लवंग, कापूर, निलगिरी, लिंबाची साल असं सुरू झालं. उत्साहाच्या भरात एकदा फिनेलही आलं. मधे दोनदा वहिनींना वास आल्यासारखा वाटला. दोन्ही वेळा त्यांनी लेकीला फोन केला, दोन्ही वेळा शिरा झाला आणि दोन्ही वेळा तो भास निघाला. दुसऱ्या वेळी त्यांनी सांगून टाकलं की आता माझ्या नाकाशी कुणी काही धरायचं नाही. पदूदादांनी कापराची डबी देवाजवळ नेऊन ठेवली.

त्यानंतर आठवड्याभराने ते वर आले, माझा हंडा वाजवला आणि हळूच म्हणाले, "बाय, ते तुमी पोरांना शिकवता ना, पान्याची वाफ करायची आनि वाफेचा पुना पानी करायचा?"

"ऊर्ध्वपातन."

"त्येच. ते मना शिकवा."

मी विचारलं कशाला. त्यांनी जिन्याकडे बघितलं, दार लोटून घेतलं आणि सांगितलं. वहिनींना केवड्याचं फार वेड. गौरी-गणपतीच्या दिवसांत त्यांच्या अंबाड्यात केवड्याचं पान नाही असं कधी झालं नाही. खाडीच्या कडेला केवड्याचं बन आहे. त्या केवड्याचा अर्क काढायचा, असा उग्र काढायचा की जाम झालेलं नाकही उघडलं पाहिजे. बाजारातल्या बाटलीत नुसतं औषध असतं, ते त्यांनी आणून बघितलं होतं.

"पन हिला सांगायचा न्हाय," ते म्हणाले. "दोनदा रडली ती. तिसऱ्यांदा माझ्यापायी रडाला नको. आला वास तर आला, न्हाय आला तर तिला कललाच न्हाय पायजे."

"आणि गावाला काय सांगणार? भट्टी लावणार म्हणजे लोक विचारणारच."

"लोक म्हनतील दारू काढतो."

"मग?"

"म्हनू दे. साठी उलटलेला मानूस बायकोसाठी अत्तर काढतो म्हनला तर मना नाक्यावर उभा राहू देतील का? दारूत इज्जत हाय, बाय."

असा तो बेत ठरला. मी फळ्यावर काढते तशी आकृती वहीच्या मागच्या पानावर काढून दिली. एक भांडं, वर झाकण, झाकणातून निघालेली नळी, नळी थंड पाण्यातून नेलेली आणि शेवटी बाटली. पदूदादांनी ती दोन मिनिटं बघितली आणि म्हणाले, "सोपा हाय. सेटिंगचा इशय." त्यांनी 'सोपा' म्हटलं तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

भांडं तांब्याचंच पाहिजे, असं त्यांचं ठाम मत पडलं. मी म्हटलं, प्रेशर कुकरवरही जमेल. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुढचं वाक्य गिळलं. मग तीन महिने ते गावभर भांडी वाजवत हिंडले. एकही पसंत पडेना. शेवटी त्यांनी ज्या भांड्यावर बोट टेकवलं, ते त्यांच्याच न्हाणीघरात होतं. वहिनींच्या लग्नात त्यांच्या आईने दिलेला अंघोळीच्या पाण्याचा बंब. त्याचा आवाज म्हणे देवळाच्या घंटेच्या तोडीचा होता. वहिनी लेकीकडे कल्याणला गेलेल्या असताना पदूदादांनी त्या बंबाचं धुराडं कापलं.

वहिनी परत आल्या. न्हाणीघरात गेल्या. बाहेर आल्या त्या बोलल्याच नाहीत. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून त्या पदूदादांशी थेट एक शब्द बोलेनात. जेवण झालं की भिंतीला सांगायच्या, "जेवाला वाढलाय." माझ्या सासूबाई खाली बसलेल्या असल्या तर त्यांना सांगायच्या, "त्यांना म्हनावा, चादर वाल्लेय, घडी करा." पदूदादाही मग भिंतीलाच 'बरा' म्हणायचे. हे असं वर्षभर चाललं आणि ती भिंत आमच्या जिन्याची असल्यामुळे दोघांचा संसार मला तोंडपाठ झाला.

मी पदूदादांना म्हटलं, अहो, सांगून टाका आता कशासाठी कापलाय. त्यांनी मान हलवली. "आधी निघू दे."

कापलेला बंब घेऊन ते निजामपुऱ्यात एका म्हाताऱ्या तांबटाकडे गेले. त्या दिवशी मलाही बाजारात जायचं होतं, म्हणून हा प्रसंग मी डोळ्यांनी पाहिला. चाचांनी बंब बघितला, वहीतली आकृती बघितली आणि दोन्ही परत केलं. "भाई, ये दारू का काम है. मैं नहीं करता." पदूदादा कासावीस झाले. दुकानात आणखी चार गिऱ्हाइकं होती. ते चाचांच्या कानाशी वाकून म्हणाले, "चाचा, मेरे वास्ते नहीं. बीवी के वास्ते है."

चाचांनी चष्मा काढला. "बीवी पीती है?"

चारही गिऱ्हाइकांनी वळून बघितलं. पदूदादांचा चेहरा तांब्याच्या रंगाचा झाला. शेवटी मलाच पुढे होऊन माझ्या शाळकरी हिंदीत सगळं सांगावं लागलं. अत्तर म्हटल्यावर चाचांनी बंब पुन्हा हातात घेतला आणि यावेळी त्यांनीही तो बोटाने वाजवला. मग दोघांनी मिळून वाजवला. त्यानंतर अर्धा तास मी दुकानाबाहेर उभी होते, कारण आत दोन माणसं एका बंबाभोवती बसून अशी बोलत होती की मधे जायचा धीर होईना. चाचांनी बंबाचं भोक बंद करून दिलं, वर घागर उलटी बसवून दिली आणि सांधा कशाने लिंपायचा तेही सांगितलं. मुलतानी माती आणि कापूस. भिवंडीत कापसाला काय तोटा!

पहिल्या मोसमात मागच्या पडवीत भट्टी लागली. केवडा आणायला पदूदादा बनात गेले ते गमबूट घालून, डोक्याला हेल्मेट लावून, हातात काठी घेऊन, कारण केवड्यात नाग असतो. नाग नव्हता, पण त्या पोशाखातल्या पदूदादांना बघून बनाच्या पलीकडे बसलेला एक माणूस लोटा टाकून पळाला. पहिल्या खेपेला लिंपण सुटलं, घागर उडाली आणि पत्र्याला पोचा पडला. दुसऱ्या खेपेला केवडा बुडाला लागला. तिसऱ्या खेपेला एसी दुरुस्तीवाल्याकडून आणलेली नळी फार बारीक निघाली आणि चार तासांत दोन चमचे पाणी आलं. त्याला वास होता, पण पदूदादांच्या मते नाक उघडण्याइतका नव्हता.

या काळात आमची गावातली पत पार बदलून गेली. पदूदादांच्या पडवीत हातभट्टी आहे आणि मास्तरीणबाई त्याला हिशेब सांगतात, हे सगळ्यांना माहीत झालं. नाक्यावर कधी मान न हलवणारी माणसं पदूदादांना रामराम घालू लागली. मला मुख्याध्यापकांनी बोलावलं आणि छताकडे बघत म्हणाले, "मॅडम, विज्ञान जीवनोपयोगी असावं हे खरं, पण किती?" माझ्या सासूबाई एका दुपारी हळूच म्हणाल्या, "गुडघ्यांना चोळायला म्हणून वाटीभर मिळते का बघ." मी म्हटलं, चोळायला? त्या म्हणाल्या, "आधी चोळून बघेन."

एके दिवशी एक हवालदार आला. त्याच्यामागून अर्धी आळी आली. पदूदादांनी पेल्यात ते पाणी ओतून त्याच्यापुढे धरलं. हवालदाराने घोट घेतला, तोंडात घोळवला आणि गोंधळून विचारलं, "ह्यात काहीच नाही. हे काय आहे?" पदूदादांनी आळीकडे बघितलं. मग हवालदाराला दंडाला धरून विहिरीमागे नेलं. तिथे काय बोलणं झालं ते आम्हाला ऐकू आलं नाही. हवालदार परत आला, टोपी नीट केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "कडक ताकीद दिलेली आहे. भलतीच उग्र आहे." जाताना मोटरसायकलला किक मारता मारता मला म्हणाला, "बाई, जमलं तर एक बाटली बाजूला ठेवायला सांगा. आमच्या मंडळींनाही केवडा आवडतो."

वहिनी हे सगळं स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायच्या. संध्याकाळी भिंतीला म्हणाल्या, "माझ्या आयचा बंब दारूत बुडवला." भिंतीपलीकडून 'बरा'सुद्धा आलं नाही.

मोसम संपला. केवड्यासाठी पुन्हा श्रावणापर्यंत थांबायचं होतं आणि तेवढ्यात खाडीच्या कडेला भराव पडायला लागला. तिथेही गोडाऊन होणार होतं. यंदा श्रावणात पदूदादा बनात गेले तेव्हा पाच-सहा झाडं तेवढी उरली होती आणि गणपतीनंतर तीही जाणार होती. ते कणसं मोजून आले. एका बंबाचा माल, दुसरी खेप नाही. त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही, हे मला भिंतीकडून कळलं.

या खेपेला त्यांनी चूक व्हायची म्हणून कुठे जागा ठेवली नाही. जुन्या बाजारातून चांगली रुंद तांब्याची नळी आणली. तिच्यात वाळू भरून ती लूमच्या जुन्या रुळाभोवती स्वतः वळवली, एक घडी पडू दिली नाही. चाचा स्वतः रिक्षाने येऊन सांधा लिंपून गेले. थंड पाण्याचं पिंप, त्याखाली वीट, विटेखाली पाचर. रविवारी सकाळी पदूदादा अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून पडवीत बसले. मी माझं नाक घेऊन हजर होते, कारण त्यांचं स्वतःचं त्यांना भरवशाचं वाटत नव्हतं. वहिनी आत भाजी चिरत होत्या.

नऊ वाजता बंब गुरगुरला. सव्वानऊला नळीच्या टोकाला पहिला थेंब आला. पदूदादांनी बाटली पुढे केली, पाच-सहा थेंब पडू दिले आणि दोन्ही हातांनी ती माझ्यापुढे धरली. मी वास घेतला.

मी बाटली त्यांच्याकडे परत केली. त्यांनी स्वतः बाटली नाकाशी नेली आणि त्यांचा चेहरा उतरला. बाटलीतून लूमच्या तेलाचा भपकारा येत होता. केवडा मागे कुठेतरी होता, पण पुढे नुसतं तेल, असं की माझ्या घशात उतरलं. थोड्या वेळाने पडवीभर तोच वास झाला.

"पदूदादा, नळीत काय होतं?"

ते नळीकडे बघत राहिले. मग स्वतःच्या बोटांकडे. "नवा पार्ट," ते म्हणाले. "नवा पार्ट हाय म्हनून मी पुसून घेतला, बाय. आतून. तेलाच्या फडक्यानं." चाळीस वर्षं या माणसाने तेलाचं फडकं फिरवल्याशिवाय कुठलाही नवा भाग लूमवर चढवला नव्हता. डोक्याला न विचारता हाताने ते काम करून टाकलं होतं. ते मट्कन खाली बसले. "शेवटचा केवडा व्हता. मीच माती केली." मी काही समजूत घालणार, तर त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं. मी दुसरीकडे बघितलं.

तेवढ्यात आतून पाट सरकल्याचा आवाज आला. विमलवहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. हातात भाजीची जुडी तशीच होती.

"लूमच्या तेलाचा वास कशाचा येतोय?"

वहिनींनी पुन्हा श्वास घेतला, हळू, नाकपुड्या फुलवून, पूर्वी मासळीच्या पाटीवर घ्यायच्या तसा. "तेल हाय ह्ये," त्या म्हणाल्या आणि जुडी खाली ठेवून तिथेच उंबऱ्यावर बसल्या. "मना वास येतोय. बाय, मना वास येतोय."

मी बाटली त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती हुंगली, लांब नेली, पुन्हा हुंगली. यावेळी भास नव्हता. मी खात्री करायला त्यांना डोळे मिटायला लावले आणि एकदा साध्या पाण्याची बाटली धरली, एकदा ही. चार वेळा केलं, चारही वेळा त्यांनी बरोबर सांगितलं. केवडा येतो का, म्हणून पदूदादांनी विचारलं. "न्हाय," त्या म्हणाल्या. "नुसता तेल."

मग त्यांनी बंबाकडे बघितलं, खाली पडलेल्या केवड्याच्या पानांकडे बघितलं आणि नवऱ्याकडे बघितलं. वर्षभरानंतर प्रथमच सरळ. "केवडा घातलाय ह्यान?"

पदूदादांनी मान हलवली.

"माझ्यासाठी?"

त्यांनी मान हलवली नाही, पण चौसष्ट वर्षांचा माणूस कानापर्यंत लाल झाला. वहिनी उठल्या, त्यांच्याजवळ जाऊन बसल्या आणि त्यांचा उजवा हात धरून नाकाशी नेला. "लग्नाला कारखान्यातून ड्युटी करून सरळ आलता तुमी," त्या म्हणाल्या. "पाटावर बसले नि मना ह्यो वास आला. हलदीवरून मारत व्हता. मी आयला म्हनलं, मना ह्यो मानूस नको." आणि त्या हसायला लागल्या, हसता हसता रडायला लागल्या, आणि मी माझं नाक घेऊन वर निघून आले.

ही यंदाच्या श्रावणातली गोष्ट. गणपतीनंतर बन गेलं. वहिनींना अजून केवडा येत नाही, बोंबील येत नाही, करपलेला भात येत नाही. मागच्या आठवड्यात थोडीशी लवंग आली म्हणतात, पण त्यावर अजून शिरा झालेला नाही. तेल मात्र स्वच्छ येतं. आणि पदूदादा चौसष्टाव्या वर्षी पुन्हा कारखान्यात जायला लागले आहेत. पगार नाही, ड्युटी नाही. सकाळी रिक्षाने निजामपुऱ्यात जातात, दोन तास कुणाच्याही लूमखाली हात घालून येतात. नाक्यावर लोक म्हणतात, दारूत बुडाला, म्हातारपणी कामाला लागला. ते म्हणू देतात.

दुपारी ते येतात तेव्हा मी बहुतेक जिन्यात असते. ते फाटकाशी पोचतात, अजून दाराला हात लागलेला नसतो, तोच आतून वहिनींचा आवाज येतो, "आलात का?" चाळीस वर्षं या बाईने नवऱ्याला दारातच अडवून आधी हात धुवायला पाठवलं. आता पदूदादा सवयीने मोरीकडे वळतात आणि त्या म्हणतात, "थांबा. हात मंग धुवा."